लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोन घेतोय, नोंदणी आणि पायलट सर्टिफिकेटचं नक्की काय? (नाशिक)

मेनरोडचा_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. आमचा मेन रोडला फोटो स्टुडिओ आहे, वडिलांच्या काळापासूनचा. आता लग्नाची ऑर्डर घ्यायला बसलं की वधूपक्षाचा पहिला प्रश्न असतो, "ड्रोन आहे ना?" इतके दिवस बाहेरून माणूस बोलवायचो, पण तारखा जुळत नाहीत आणि पैसेही तोच घेऊन जातो. म्हणून स्वतःचाच घ्यायचं ठरवलंय.

सिन्नरच्या एका ओळखीच्याकडे चिनी कंपनीचा सेकंडहँड ड्रोन आहे. वजन साधारण 600 ग्रॅम, बिल 2023 चं. तो म्हणतो, "एवढ्याशा ड्रोनला काही लागत नाही, मी दोन वर्षं उडवतोय." दुसरा मित्र म्हणतो लायसन्स लागतं. तिसऱ्याचं म्हणणं, नाशिकमध्ये ड्रोनला पूर्ण बंदीच आहे.

लॉन्सवरची लग्नं, गंगापूर धरणाकडचे प्री-वेडिंग, कधीमधी द्राक्षबागांचे व्हिडिओ, असं काम असेल. सिंहस्थाच्या वेळी एका मंडळाचंही शूटिंग मिळण्यासारखं आहे. ज्यांनी स्वतः हे सगळं केलंय त्यांनी सांगावं. मला काम नियमात बसवूनच करायचंय.

इंदिरानगर_आरसी

मी हौशी माणूस. निवृत्तीनंतर विमानाची मॉडेल्स आणि छोटे ड्रोन उडवतो. माझ्या माहितीप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन म्हणजे नॅनो, त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. 250 ग्रॅमच्या वर 2 किलोपर्यंत मायक्रो, तो हौसेसाठी उडवलात तर तिथेही सर्टिफिकेट लागत नाही. तुम्ही पैसे घेऊन उडवणार, म्हणजे तुम्हाला लागणार. तुमचा सिन्नरवाला हौशी असेल तर त्याचं निम्मं बरोबर आहे. पण त्याची सवलत तुम्हाला कशी लागू होईल?

त्यापेक्षा 249 ग्रॅमवाला घ्या आणि मोकळे व्हा, असं मी म्हणेन.

निफाडची_ड्रोनताई

भाऊ, मी फवारणीचा ड्रोन चालवते. आमच्या बचत गटाला नमो ड्रोन दीदी योजनेतून मिळाला. या योजनेतलं प्रशिक्षण 15 दिवसांचं, त्यात पायलटचं आणि वर औषध-खत फवारणीचं. त्यामुळे हे नियम मला पाठ करावे लागलेत. थोडं लांबेल, पण सविस्तरच लिहिते.

आधी काकांनी सांगितलेल्या 249 बद्दल. वजन मोजायचं ते उडताना जे काही अंगावर असेल त्यासकट. मोठी बॅटरी लावली, वर दिवा किंवा गार्ड बसवला की तोच ड्रोन 250 च्या वर जातो आणि मायक्रो होतो. लग्नात दर थोड्या वेळाने बॅटरी बदलायला नको म्हणून लोक नेमकी मोठी बॅटरी घेतात. आणि नॅनोला पायलट सर्टिफिकेट माफ आहे, जागेचे नियम माफ नाहीत. सरकारी नकाशातल्या लाल, म्हणजे मनाईच्या भागात नॅनोही उडवता येत नाही.

आता सिन्नरचा ड्रोन. तो घेऊ नका, भाऊ. ड्रोन रूल्स 25 ऑगस्ट 2021 ला आले, त्यात प्रत्येक ड्रोनला यूआयएन नंबर घ्यायला सांगितलंय, गाडीच्या नंबरसारखा. व्यवसायासाठीचा मायक्रो ड्रोन असेल तर हा नंबर त्याच मॉडेलला मिळतो ज्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची सरकारी मान्यता आहे. जुन्या ड्रोनसाठी वेगळी वाट ठेवली होती, पण ती 30 नोव्हेंबर 2021 पर्यंत देशात आलेल्यांसाठी. पुढे 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोनची आयातच बंद झाली, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेची कामं सोडून. मग 2023 च्या बिलाचा परदेशी ड्रोन कुठून आला, हे विकणाऱ्यालाच विचारा. त्याला यूआयएन नाही, तर तुमच्या नावावर काय करून देणार? नंबर नाही म्हणून विम्यालाही अडचण. नॅनोच्या वरच्या सगळ्यांना थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. लॉन्सवर शे-दोनशे माणसं जेवत असतात, त्यात लहान पोरं पळत असतात. विम्याशिवाय त्यांच्या डोक्यावर उडवायची माझी तर हिंमत होणार नाही.

सेकंडहँडच घ्यायचा तर यूआयएन असलेला घ्या. मालकी बदलायची सोय डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक संचालनालयाच्या पोर्टलवरच आहे. ती होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

तुमचं स्वतःचं सर्टिफिकेट: वय 18 ते 65, दहावी पास, आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रशिक्षण. वर्गात नियम आणि हवामान शिकवतात, मग सिम्युलेटर, मग मैदानावर प्रत्यक्ष. एकदा मिळालं की 10 वर्षं चालतं. सरकारी फी 100 रुपयेच आहे, यूआयएनचीही तेवढीच. संस्थेची फी मात्र हजारांत असते आणि प्रत्येकाची वेगळी, चार ठिकाणी विचारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही प्रशिक्षण केंद्र आहे. आधी पासपोर्ट मागायचे, त्यामुळे आमच्या गटातल्या बायका मागे हटल्या होत्या. 27 सप्टेंबर 2023 च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. ही दुरुस्ती झाली म्हणून खेड्यातली बाई पायलट होऊ शकली, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

आणि नाशिकमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे ती जागेची.

बाकीच्या शहरांत एक विमानतळ सांभाळला की झालं. आपल्याकडे ओझरला विमानतळ आणि त्याला लागून एचएएलचा लढाऊ विमानांचा कारखाना, तिथून सुखोई चाचणीला उडतात, 17 ऑक्टोबर 2025 ला तिथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क 1ए नेही तिथूनच उड्डाण केलं. गांधीनगरला लष्कराची धावपट्टी आणि हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण. देवळालीला तोफखान्याचं स्कूल. नाशिकरोडला नोटांचा छापखाना, सिक्युरिटी प्रेस आणि जेल. त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी. म्हणजे "आपल्या लॉन्सवर कोण बघतंय" हे इथे चालत नाही.

नियम असा. नकाशात हिरवा भाग असेल तर 400 फूट, म्हणजे 120 मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये हीच मर्यादा 200 फुटांवर येते. 5 ते 8 किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा भाग, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात फक्त केंद्र सरकारची. नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय या वेबसाइटवर आहे आणि तो बदलत राहतो, म्हणून ऑर्डर घेताना बघाच, पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी परत बघा. मी प्रत्येक शेताआधी बघते.

मागे अवकाळी पावसानंतर जानोरीकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. द्राक्षांचे मणी धरायची वेळ, डाऊनी रोगाची भीती, वाफसा नाही म्हणून ट्रॅक्टर बागेत जाईना. "ताई, दोन तास येऊन जा, म्हणाल ते देतो." जानोरी म्हणजे विमानतळाच्या उंबऱ्यावर. मी नाही म्हटलं. त्यांनी पाठीवरचे पंप लावून माणसांकडून फवारून घेतलं. मला वाईट वाटलं, कारण बाग हातची गेली की वर्ष जातं हे मला घरातूनच माहीत आहे. (मांडवाच्या बागेत ड्रोनचं औषध पानाच्या खालच्या बाजूला कितपत पोचतं, हा वाद वेगळा.) पण नाशिकरोडच्या बाजूला शिकाऊ वैमानिकांची चीता-चेतक हेलिकॉप्टरं किती खालून जातात ते तुम्ही शहरात राहून रोज बघता. त्या पोराच्या समोर अचानक ड्रोन आला तर तो काय करेल? दंड 1 लाखापर्यंत आहे, तो एक वेळ भरता येईल.

मेनरोडचा_स्टुडिओ

ताई, मनापासून आभार. सिन्नरवाल्याला आत्ताच नाही कळवलं. दोन शंका राहिल्या. नाशिकरोड-उपनगरकडच्या लॉन्सच्या ऑर्डरींचं काय करू, वर्षातल्या बऱ्याच तिकडच्याच असतात. आणि सिंहस्थ?

पाथर्डीफाटा_कॅमेरा

मी सर्टिफिकेट घेऊन लग्नांचंच काम करतो, म्हणून पहिल्याचं मी सांगतो. ऑर्डर फॉर्मवर लॉन्सचं नाव लिहिलं की तिथेच नकाशा उघडून पार्टीला दाखवतो. लाल असेल तर स्पष्ट सांगतो, इथे ड्रोन नाही, त्याऐवजी क्रेन लावू किंवा मोठ्या मोनोपॉडवरून वरचा शॉट घेऊ. ड्रोनचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दाखवतो, म्हणजे वजा करताना वाद होत नाही. प्री-वेडिंग दिंडोरी किंवा इगतपुरीच्या बाजूला हिरव्या भागात न्या. अंजनेरी, ब्रह्मगिरीकडे वनखात्याची परवानगी वेगळी लागते. गंगापूर धरणाच्या भिंतीजवळ मी उडवत नाही. बागेत मालकाची लेखी संमती घेतो.

आणि "पूर्ण बंदी" म्हणणारा मित्रही अगदी चुकीचा नाही. पोलीस आयुक्तालय वेळोवेळी मनाई आदेश काढतं, ते ठरावीक मुदतीचे असतात. नकाशा हिरवा असला तरी तो आदेश पाळावाच लागतो. मी शूटिंगच्या आधी हद्दीतल्या पोलीस ठाण्यात यूआयएन, सर्टिफिकेट आणि विम्याची प्रत देऊन येतो. आता तिथले लोक ओळखतात.

निफाडची_ड्रोनताई

सिंहस्थाचं मी सांगते. राज्य सरकारला कुठलाही भाग एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करता येतो. 2027 च्या पर्वण्यांना रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला लाखो माणसं असतील, वर पोलिसांचे स्वतःचे ड्रोन असतील. तिथे तुम्हाला उडवता येईल असं धरून मंडळाकडून आगाऊ रक्कम घेऊ नका. त्यांना शूटिंग हवंच असेल तर मंडळानेच प्रशासनाकडे लेखी अर्ज करावा, आत्तापासून. परवानगी कागदावर हातात आली तरच ड्रोन न्या, नाहीतर जमिनीवरचे कॅमेरे वाढवा.

प्रशिक्षणाला लग्नसराईच्या आधीची बॅच धरा. आणि एखादा अपघात झालाच तर 48 तासांच्या आत पोर्टलवर कळवावं लागतं, हे संस्थेत शिकवतील, पण आत्ताच वहीत लिहून ठेवा.