कुत्रे आडवे आल्यावर ब्रेक की स्टिअरिंग?

प्रश्न: काल कशेडी घाटाच्या अलीकडे ताशी ८० किलोमीटर वेगात असताना कुत्रे आडवे आले, मी घाबरून स्टिअरिंग वळवले आणि समोरून येणाऱ्या ट्रकपासून थोडक्यात वाचलो. अशा वेळी नेमके काय करावे?

प्रतिसाद १: त्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते, म्हणजे ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला तरी ३३ मीटर अंतर संपलेले असते. स्टिअरिंग सरळ ठेवून ब्रेक पूर्ण ताकदीने दाबावा.

प्रतिसाद २: एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असल्यास ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते, करकर आवाज येतो, त्याला बिचकून अनेकजण नेमका तेव्हाच पाय सैल करतात. कृपया मोकळ्या मैदानात एकदा सराव करा.

प्रश्नकर्ता: माझेही तसेच झाले, पेडल थरथरताच ब्रेक निकामी झाला असे वाटून मी पाय उचलला होता.