मदत हवी आहे: व्हॅम्पायरच्या प्रेमकथेतली नाताळची सकाळ
नाताळवर एक प्रेमकथा लिहितेय. नायक व्हॅम्पायर. बायको जाऊन दीडशे वर्षं झाली, तेव्हापासून तो कुणाच्या घरात गेलेला नाही. बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही, हा जुना संकेत मला फार आवडतो. नाताळच्या आदल्या रात्री नायिका दार उघडून ‘आत या ना’ म्हणते आणि त्याच्या आत काहीतरी हलतं. इथवर जमलंय.

अडलंय ते पहाटेपाशी. १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत व्हॅम्पायर दिवसाही वावरतो, फक्त शक्ती कमी होते. उन्हाने मरणं रूढ झालं ते १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटापासून. मी कोणता नियम घेऊ? ऊन घातक ठेवलं तर दोघांना ती सकाळ एकत्र मिळत नाही, आणि मला ती हवीच आहे. अशा कथा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी प्लीज सुचवा.