शब्दचर्चा : अब्रुनुकसानी की मानहानी? दावा की खटला?

विचारणा

मी एका वृत्तवाहिनीत पडद्याखाली धावणाऱ्या पट्ट्या लिहिते. गुन्ह्याच्या बातमीत आपल्याला आरोपी ठरवून टाकलं म्हणून एका गृहस्थांनी एका वाहिनीकडून कोर्टामार्फत भरपाई मागितली होती. मी पट्टी लिहिली, 'वाहिनीवर अब्रुनुकसानीचा खटला'. ती बदलून 'मानहानीचा दावा ठोकला' अशी गेली. बरोबर काय? दोन्ही चालत असेल तर फरक तरी काय?

उत्तर

ताई, मी जिल्हा न्यायालयात लेखनिक होतो. दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही बाजूंना काम केलं आहे. भरपाई मागितली असेल तर तो 'दावा' आणि ते प्रकरण दिवाणी. तिथे वादी आणि प्रतिवादी असतात, निकालानंतर 'हुकूमनामा' होतो. शिक्षा मागितली असेल तर 'फिर्याद', आणि पुढे 'खटला' चालतो. तिथे फिर्यादी आणि आरोपी. या गुन्ह्याला पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं 499 आणि 500 होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. म्हणजे ज्या संपादकाने दुसऱ्याला आरोपी म्हटलं, तो या खटल्यात स्वतः आरोपी असतो. तुमच्या बातमीत भरपाई होती, तेव्हा 'दावा' बरोबर.

'ठोकला' मात्र मला खटकतं. 'दावा साधणे' म्हणजे सूड उगवणे, हा अर्थ आपल्या भाषेत जुना आहे. त्यात 'ठोकला' आलं की दाद मागायला गेलेला माणूस भांडखोर वाटायला लागतो. 'दाखल केला' म्हणावं.

आता 'अब्रू'. हा फारसी शब्द. आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा (आपल्या 'रूबरू'मधला). चेहऱ्यावरचं पाणी, तेज. आपण मोत्याचं पाणी म्हणतो, 'आब राखून वागा' म्हणतो, ते हेच. पाणी उतरलेला मोती पुन्हा तसा होत नाही. म्हणून दूरचित्रवाणीच्या बाबतीत मला 'मानहानी'पेक्षा 'अब्रुनुकसानी' जास्त नेमका वाटतो. वाहिनी दाखवते तो चेहराच.

पुण्याचंच उदाहरण घ्या. 10 सप्टेंबर 2008 रोजी 'टाइम्स नाऊ'ने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याची बातमी दिली. त्यात कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांचं नाव होतं, पण पडद्यावर छायाचित्र आलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, भारतीय वृत्तपत्र परिषदेचे माजी अध्यक्ष. आडनावातल्या साधर्म्याने झालेली चूक, आणि ते छायाचित्र जेमतेम 15 सेकंद दिसलं. सावंतांनी पुण्याच्या न्यायालयात दावा लावला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये 100 कोटी रुपयांचा हुकूमनामा झाला. वाहिनी अपिलात गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने 20 कोटी रोख जमा करायला आणि 80 कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं. त्या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नकार दिला.

रक्कम अवाजवी होती असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. वृत्तस्वातंत्र्याच्या दृष्टीने ती मलाही फार वाटते. पण 15 सेकंदांत काय होतं, हे ज्याचा चेहरा दाखवला गेला त्यालाच कळतं.

आणखी एक मत

'मानहानी' चूक म्हणू नका. संस्कृत शब्द आहे, हिंदीत तोच चालतो आणि आता मराठी वृत्तपत्रांतही रुळला आहे.

उत्तर

चूक नाहीच. पण रोजच्या बोलण्यात मानहानी चार भिंतींच्या आतही होते. सासऱ्यांनी पाहुणचार केला नाही तर जावयाची मानहानी. कायद्यातला गुन्हा व्हायला मात्र तिऱ्हाईताच्या कानावर ते जावं लागतं. अब्रू तर नेहमी चारचौघांत जाते, म्हणून 'चव्हाट्यावर आली' म्हणतो. 'बदनामी' याच्या जवळचा आहे, पण तो सैल शब्द आहे. खऱ्या गोष्टीनेही माणूस बदनाम होतो. आणि खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर तो अब्रुनुकसानीचा अपवाद आहे.

विचारणा

मग आम्ही प्रत्येक पट्टीत 'कथित' लावतो, त्याने भागतं का?

उत्तर

नाही हो. 'कथित' वर आणि त्याखाली 'नराधमाच्या मुसक्या आवळल्या' असेल तर 'कथित'ला कोण विचारतो? दुसऱ्याचा आरोप तुम्ही पुन्हा सांगितला तरी जबाबदारी राहतेच. न्यायालयाच्या कामकाजाचा खरा वृत्तान्त दिला तर कायदा संरक्षण देतो. म्हणून 'पोलिसांनी न्यायालयात सांगितले की' हे लांबलचक वाटलं तरी ठेवा.

खरी काळजी दोन शब्दांची घ्या. एक 'निष्पन्न'. पोलिसांच्या टिपणात 'तपासात निष्पन्न झाले' असतं. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ 'आमच्या तपासात असं आलं' एवढाच. पट्टीवर आला की प्रेक्षक 'सिद्ध झाले' असं वाचतो.

दुसरा 'कबुली'. पोलीस अधिकाऱ्यापुढे आरोपीने दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. दंडाधिकाऱ्यांपुढे, दडपण नाही याची खात्री करून नोंदवतात तो 'कबुलीजबाब'. कोर्टात हे दोन शब्द आम्ही कधी एकमेकांच्या जागी लिहीत नव्हतो. सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या वार्तांकनावरच्या याचिकांत मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 रोजी निकाल दिला. पोलिसांपुढची कबुली ग्राह्य पुरावा असल्यासारखी दाखवू नये, हे त्यात माध्यमांना बजावलेलं आहे. आरोपीच्या चारित्र्याची चिरफाड करू नये, गुन्ह्याचा प्रसंग उभा करून दाखवू नये, हेही.

विचारणा

आमच्याकडे 'कबुली' दिवसातून दहा वेळा जाते, काका. त्या जागी काय लिहू? पट्टीत सात-आठ शब्दच बसतात.

उत्तर

'आरोपीने गुन्हा कबूल केल्याचे पोलिसांचे म्हणणे.' मोजून बघा, सहा शब्द आहेत.