हातात कॅमेरा, खांद्याला रायफल: पोलिसांना असं अडवायला लावणं योग्य आहे का?

टेक्सासकर
यूट्यूबवर 'ऑडिट'च्या, म्हणजे पोलीस नागरिकांचे हक्क पाळतात का हे तपासण्याच्या नावाखाली काढलेल्या व्हिडिओंचा पूर आलाय. खांद्याला रायफल, छातीवर कॅमेरा आणि भर बाजारातून फेरी. कुणीतरी घाबरून ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करतं, पोलीस येतात आणि तेच संवाद सुरू होतात. "आयडी दाखवा." "माझा गुन्हा काय?" पोलिसाचा तोल सुटला की व्हिडिओ धो धो चालतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. पोलिसांचं चित्रीकरण करण्याचा हक्क जिवापाड जपायला हवा, आणि बंदूक लटकवून चित्रीकरण करणारे त्याच हक्काच्या मुळावर उठलेत. टेक्सासात पिस्तूल २०१६ पासून परवाना घेऊन आणि सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही उघड बाळगता येतं. रायफलला तर त्याआधीही परवाना लागत नव्हता. त्यामुळे नुसती बंदूक दिसली म्हणून अडवणं चूक, हे मान्य. पण बॉस्टनच्या बागेतला तो वकील आठवा. पोलीस एकाला पकडत होते, यानं मोबाइलवर चित्रण केलं, तर यालाच अटक झाली. २०११ साली फेडरल अपील कोर्टानं त्याच्या बाजूनं कौल दिला. त्याच्याकडे फक्त मोबाइल होता, म्हणून वादही फक्त चित्रीकरणाचा राहिला.

सरळसोट
साफ अमान्य. ओहायोतल्या टोलेडोत एक गृहस्थ बायको, मुलगी, नातू आणि कुत्र्याला घेऊन फिरायला निघाले होते. कमरेला मोबाइल, शेजारी पिस्तूल. वाटेतल्या एकानं तक्रार केली आणि पोलिसानं त्यांना बेड्या घालून गाडीत बसवून ठेवलं. त्यांनी तर कुणाला डिवचलंही नव्हतं! २०१५ मध्ये सहाव्या सर्किट कोर्टानं, म्हणजे तिथल्या फेडरल अपील कोर्टानं, पोलिसांना सुनावलं, की उघड शस्त्र बाळगण्यानं तुमची अडचण होत असेल, पण विधिमंडळानं दिलेली मुभा तुम्हाला मोडीत काढता येणार नाही.

आणि तुमच्याच टेक्सासातलं फोर्ट वर्थ विसरलात? एक जण पोलीस ठाण्यासमोरच्या फुटपाथवरून चित्रण करत होता, ओळखपत्र द्यायला नकार दिला, बेड्या पडल्या. त्याच्याच खटल्यात २०१७ साली पाचव्या सर्किटनं चित्रीकरणाचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. हट्टाला पेटणारी माणसं नसती तर हा निकाल आलाच नसता.

टेक्सासकर
तोही निःशस्त्रच होता. माझा मुद्दा नेमका हाच आहे.

वैशाली_मिनेसोटा
तुम्ही दोघं कोर्टाचं बोलताय, पण कोर्टापर्यंत जिवंत कोण पोचतं? ६ जुलै २०१६, आमच्या मिनेसोटातलं फॅल्कन हाइट्स. फिलँडो कॅस्टिलची गाडी पोलिसानं थांबवली. परवाना असलेलं पिस्तूल जवळ आहे, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. काही सेकंदांत गोळ्या सुटल्या. शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं फेसबुकवर लाइव्ह केलं म्हणून जगाला कळलं. तरीही २०१७ मध्ये ज्युरीनं त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

दुसऱ्याच दिवशी टेक्सासातल्या डॅलसच्या मोर्चात पोलिसांवर गोळीबार झाला, तेव्हा रायफल घेतलेल्या एका माणसाचा फोटो पोलिसांनी 'संशयित' म्हणून ट्विट केला. त्यानं स्वतः जाऊन बंदूक पोलिसाच्या हवाली केली आणि तो निर्दोष निघाला. हे दोघंही काळे. गोरा 'ऑडिटर' पोलिसाशी तासभर हुज्जत घालून घरी जातो. हा फरक मला झोपू देत नाही, आणि तुमच्या चर्चेत तो कुठेच नाही.

टेक्सासकर
वैशालीताई, बरोबर आहे तुमचं, तो मुद्दा माझ्याकडून यायला हवा होता. पण डॅलसचंच बघा. त्या रात्री पाच पोलीस मारले गेले. पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांचं म्हणणं होतं, की मोर्चात वीस-तीस जण रायफली घेऊन आले होते. गोळीबार सुरू झाल्यावर ते पळायला लागले आणि हल्लेखोर कोण हे ओळखणं अवघड झालं. भरडला गेला तो तुम्ही सांगताय तोच माणूस.

व्हिसावाला
इथल्या नव्या मंडळींसाठी एक कळकळीची सूचना. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. मित्राच्या आग्रहाखातर हातातसुद्धा घेऊ नका. मोबाइलचं तसं नाही. गाडीत तो स्टँडला लावलेला असू द्या, पोलिसानं थांबवलं की रेकॉर्डिंग सुरू आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद काढायला खिशात हात घालण्याआधी तोंडानं सांगा.

वर्धेकर
इकडचं एक सांगतो. वर्ध्यात पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एकावर चक्क ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा लावला होता! पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं म्हणत नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. आमच्याकडे बंदुकीचा प्रश्नच नाही, परवाना असला तरी निवडणुकीच्या काळात ती ठाण्यात जमा करायला सांगतात. मला टेक्सासकरांचं पटतं.

सरळसोट
मग टेक्सासकर, उपाय काय? कायदा बदलायचा?

टेक्सासकर
हो. मोर्चात आणि पोलीस ठाण्याच्या दारात उघडी बंदूक नको, एवढी तरी दुरुस्ती टेक्सासात व्हावी. आमच्या प्रतिनिधीला मी तसं पत्र लिहिणार आहे.

सरळसोट
माझा विरोध राहील. आज मोर्चा, उद्या बाजार, परवा फुटपाथ. शिवाय ॲरिझोनात २०२२ साली 'पोलिसांपासून आठ फुटांच्या आत चित्रीकरण नको' असा कायदा केलाच होता ना? तो फेडरल न्यायाधीशानं थांबवला. तिथे बंदुकीचा संबंधही नव्हता. ज्यांना कॅमेरा खुपतो, त्यांना तो बंदुकीशिवायही खुपतो.

वैशाली_मिनेसोटा
हे मात्र खरं. पण कायदा बदलेपर्यंत ९११वर फोन घेणाऱ्यानं एवढं तरी विचारावं: तो माणूस बंदूक कुणावर रोखतोय, की ती नुसती खांद्याला आहे? गस्तीवरच्या पोलिसाला ते उत्तर कळलं पाहिजे. आमच्या सिटी कौन्सिलच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. जवळपास राहणाऱ्यांनी सोबत यावं.