कबुतर लघवी करत नाही का?

गॅलरीतली तुळस:
कोथरूडमधील आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये कबुतरांनी कायमचे बिऱ्हाड थाटले आहे, त्यामुळे दर रविवारी गॅलरीचा कठडा घासणे हे माझे ठरलेले काम झाले आहे. गेल्या रविवारी सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने विचारले, की कबुतराची विष्ठा सगळीकडे दिसते, पण ते लघवी करताना कधीच कसे दिसत नाही. मला उत्तर देता आले नाही. विष्ठेच्या गडद भागाबरोबर चुन्यासारखा पांढरा लेप असतो आणि तो नुसते पाणी ओतून निघत नाही, एवढेच माझे निरीक्षण. तो लेप नेमका कशाचा असतो?

निवृत्त मास्तर:
तुळसताई, तो पांढरा लेप हीच कबुतराची लघवी. पक्ष्यांना मूत्राशय नसते. मूत्रपिंडातून आलेले आणि आतड्यातून आलेले, दोन्ही अवस्कर नावाच्या एकाच पोकळीतून बाहेर पडते, म्हणून आपल्याला ते एकत्र दिसते.

मुळाशी प्रश्न नायट्रोजनचा आहे. प्रथिने शरीरात मोडली गेली, की त्यांतील नायट्रोजनचा अमोनिया होतो आणि तो थोडा जरी साठला तरी विषारी ठरतो. बहुतेक मासे तो कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात सोडून देतात, कारण विरघळवून वाहून न्यायला त्यांच्याभोवती पाण्याची कमतरता नसते. जमिनीवरच्या प्राण्याला ही चैन परवडत नाही. सस्तन प्राण्यांचे यकृत अमोनियापासून युरिया बनवते, जो बराच कमी विषारी असतो. ही चक्राकार प्रक्रिया हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडली. मात्र युरिया बाहेर टाकायलाही पाणी लागतेच. आपल्या दोन मूत्रपिंडांतील मिळून सुमारे वीस लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या, दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून जेमतेम दीड लिटर मूत्र बनते, बाकीचे पाणी पुन्हा रक्तात परत जाते. (पाण्याचा इतका काटेकोर फेरवापर आम्हा पुणेकरांना उन्हाळ्यातल्या पाणीकपातीतही साधलेला नाही.)

पक्षी याही पुढे जाऊन युरिक आम्ल बनवतात. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून अगदी थोड्या पाण्यात त्याची लापशी करून टाकता येते, आणि म्हणूनच आपला कठडाही घासावा लागतो. उडण्यासाठी वजन कमी राहावे म्हणून ही सोय झाली, असे बहुधा सांगितले जाते, परंतु मला अंड्याचे कारण अधिक पटते. बंद कवचात वाढणाऱ्या पिल्लाला आपला कचरा बाहेर टाकता येत नाही. तो विरघळणारा असता तर पिल्लू स्वतःच्याच विषात बुडाले असते. न विरघळणारे युरिक आम्ल मात्र एका पिशवीत निमूटपणे साठून राहते.

कात्रजचा घाट:
मास्तरांच्या मताला पुष्टी देणारा पुरावा प्रत्येकाच्या घरात आहे. भिंतीवरच्या पालीची लेंडी नीट पाहिली, तर तिच्या एका टोकाला पांढरा खडा दिसतो; तेही युरिक आम्लच. पाल उडत नाही, पण अंडी घालते. बेडकाची गोष्ट याहून गमतीची आहे, कारण डबक्यातले त्याचे पिल्लू माशासारखा अमोनिया सोडते आणि पाय फुटून जमिनीवर आले की बहुतेक जातींत युरियाकडे वळते.

माझी शंका मात्र स्वतःपुरती आहे. गेल्या महिन्यात माझ्या रक्ततपासणीत युरिक ॲसिड वाढलेले निघाले. माणूस युरिया बनवतो, तर मग हे कुठून आले?

सदाशिव पेठी सूक्ष्मदर्शक:
ते प्रथिनांतून नव्हे, तर प्युरिन नावाच्या घटकांच्या विघटनातून येते. हे घटक आपल्या पेशींतील डीएनए आणि आरएनए यांत असतात. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक आम्लाचे पुढे विघटन करणारे एक विकर असते, परंतु माणसाच्या पूर्वजांनी ते उत्क्रांतीच्या ओघात गमावले. त्यामुळे न विरघळण्याचा जो गुण पिल्लाला अंड्यात तारतो, तोच आपल्याला नडतो. रक्तातले प्रमाण फार वाढले तर त्याचे स्फटिक सांध्यांत, बरेचदा पायाच्या अंगठ्यात, साचतात आणि गाऊटच्या वेदना सुरू होतात. औषध घ्यायचे की नाही, हे अर्थातच आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

मुलीला आणखी एक भेद सांगावा. विष्ठेचा गडद भाग बहुतांशी न पचलेले अन्न असल्यामुळे काटेकोर अर्थाने ते उत्सर्जन नव्हे, कारण ते पेशींत तयार झालेलेच नसते. उलट, श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मात्र उत्सर्जनात मोडतो, जरी त्याला कोणी घाण म्हणत नसले तरी.

गॅलरीतली तुळस:
सर्वांचे आभार. पालीची लेंडी मुलीने भिंगातून पाहिली आणि पांढरे टोक लगेच दाखवले. आता तिचा पुढचा प्रश्न आहे, की झाडे काय करतात.

निवृत्त मास्तर:
झाडे नायट्रोजन सहसा वाया घालवत नाहीत, तो पुन्हा वापरतात. नको असलेली द्रव्ये ती पेशींतील पोकळ्यांत, सालीत किंवा गळणाऱ्या पानांत साठवतात. फदफदे करताना अळू घशाला खाजू नये म्हणून आपण चिंच घालून ते भरपूर शिजवतो; ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. पाठ्यपुस्तके त्यांना टाकाऊ पदार्थ म्हणतात, पण पाने खाणाऱ्या प्राण्यांना हे स्फटिक दूर ठेवत असल्यामुळे निव्वळ कचरा म्हणणे मला पटत नाही.

आणि कठडा घासण्यापूर्वी तो ओला करावा व तोंडावर मास्क बांधावा, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ वारंवार श्वासात गेल्यास काहींच्या फुप्फुसांना गंभीर सूज येते.