आयुर्विम्याचे पैसे हयातीतच वापरता येतात का? मदत हवी आहे

मोठ्या भावाला कर्करोगाचं निदान झालंय. उपचार सुरू आहेत, काम बंद, शिल्लक भराभर संपतेय. त्याच्या दोन पॉलिसी आहेत: एक जुनी एंडोमेंट (मुदत संपल्यावरही पैसे देणारी), दुसरी टर्म (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारी). एजंट म्हणतो, एंडोमेंट सरेंडर करून, म्हणजे मुदतीआधीच मोडून, मोकळे व्हा. वहिनी तयार नाही. पुढे तिला आणि मुलांना तोच आधार. दादा म्हणतो, "मी गेल्यावर येणाऱ्या पैशांनी मी बरा होणार आहे का?" दोघांचंही खरंच आहे.

सरेंडरचा आकडा मागवला, तर भरलेल्या हप्त्यांपेक्षाही कमी. आणि या आजारानंतर नवा विमा कोण देणार? टर्मच्या कागदांत बारीक अक्षरात 'टर्मिनल इलनेस' असं एक कलम सापडलं, एजंटने त्याचा विषयही काढला नव्हता. ते आत्ता लागू होतं का? आणि मोडण्याशिवाय एंडोमेंटचं दुसरं काही करता येतं का?

प्रतिसाद १
सरेंडरच्या अर्जावर सही नको, किमान आत्ता तरी. आधी एंडोमेंटवर कर्ज किती मिळेल ते विचारा. सरेंडर व्हॅल्यूच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत मिळतं आणि विमा चालू राहतो. फक्त व्याजावर लक्ष ठेवा. कर्ज अधिक व्याज सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं तर पॉलिसी बंद पडू शकते. न फेडलेलं कर्ज क्लेममधून कापून घेतात.

टर्मिनल इलनेस म्हणजे मृत्यूनंतरच्या रकमेतलीच उचल. त्यासाठी रुग्णाकडे ठरावीक महिनेच उरलेत, बऱ्याचदा 6 किंवा 12, असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. दादांचे उपचार चालू आहेत, म्हणजे बहुधा आज लागू नाही, आणि न झालेलंच बरं.

क्रिटिकल इलनेस रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडून घेतलेलं गंभीर आजाराचं जादा संरक्षण, वेगळा. त्यात पॉलिसीच्या व्याख्येत बसणारं निदान झालं की रक्कम मिळते. काही ठिकाणी निदानानंतर रुग्ण ठरावीक दिवस हयात असावा लागतो, एवढंच. हा विमा 1983 साली दक्षिण आफ्रिकेत आला, हृदयशल्यविशारद मारियस बर्नार्ड यांच्या पुढाकाराने. त्यांचे रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचत, पण घर पैशाने खचे. दोन्ही पॉलिसींची जोडपत्रं नीट चाळा, रायडर तिथेच असतो.

प्रतिसाद २
हप्तामाफीचा रायडरही शोधा, म्हणजे पुढचे हप्ते माफ होऊन पॉलिसी चालू राहते तो. तोवर टर्मचा हप्ता अजिबात चुकवू नका.

धागाकर्ता
एंडोमेंटला हप्तामाफीचं जोडपत्र निघालं! त्यात गंभीर आजारही धरलाय. माफी निदानाच्या तारखेपासून धरतात की अर्ज दिल्यापासून? निदानानंतर एक हप्ता भरून झालाय.