मदत हवी आहे: तारक मेहता परत सुरू करावी का?

मंडळी, एक सल्ला द्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई पुढचे दोन महिने घरीच आहे आणि तिचा हट्ट आहे की तारक मेहता का उल्टा चष्मा ही हिंदी विनोदी मालिका परत बघायचीच. 2008 मध्ये सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडे रात्री साडेआठला पानं टीव्हीसमोरच वाढली जायची, पण 2017 ला दया (हिरो जेठालालची बायको) गेली ती काय परत आलीच नाही, मग त्याच्या दुकानातले नट्टू काका गेले, 2022 मध्ये तारक मेहता झालेल्या शैलेश लोढांनीही सोडली आणि आम्ही हळूहळू बघणंच बंद केलं.

आता ऐकलंय की मालिकेतल्या गोकुलधाम सोसायटीत राजस्थानी कुटुंब राहायला आलंय, रतन बिंजोला वगैरे. त्यांच्यामुळे खरंच मजा आलीये का नुसतीच गर्दी वाढलीये? मी मधेच एक एपिसोड लावून बघितला तर सगळे कंपाउंडमध्ये उभे, एकच गोष्ट प्रत्येक जण आळीपाळीने बोलतोय आणि प्रत्येकाच्या थोबाडावर कॅमेरा, वीस मिनिटात गोष्ट इंचभर सरकली नाही. पण आई मात्र भिडे मास्तरांना बघून खुदकन हसली (त्यांची सखाराम नावाची स्कूटर दिसली की ती हसणारच, बाबांचीही तशीच होती).

तर जे रेग्युलर बघतात त्यांनी सांगा, नवीन भाग कुठून सुरू करू? का सरळ जुनेच लावून देऊ, वडील चंपक चाचांच्या धाकातला जेठालाल असलेले? आणि जेठालालचा मुलगा, नवीन टप्पू जमलाय का हो?

प्लीज "टीव्हीच बंद करा" असं सांगू नका, आई ऐकणार नाही.